बिलातली लस रजिस्ट्रीपर्यंत कशी न्यायची: पीडियाट्रिक अकाउंटवर नवीन आलेल्यांसाठी

आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी नवीन बॅच येते, आणि त्यातल्या ज्यांना लहान मुलांच्या डॉक्टरांचं अकाउंट मिळतं त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी एक फाइल देतं आणि सांगतं की ही रजिस्ट्रीला जाते, जरा बघून ठेव. मग रात्री अडीचच्या चहाला ते पोर माझ्या डेस्कपाशी येतं, ताई हा क्लेम नाहीये, पेमेंट येत नाही, डिनायल येत नाही, मग आपण हे करतोय कशाला. (क्लेम म्हणजे इन्शुरन्सकडे केलेली पैशांची मागणी, डिनायल म्हणजे ती नाकारणं.) प्रत्येक वेळी तेच तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून आता एकदाच लिहून टाकते. पुण्यात, ऐरोलीत, नागपुरात बसून अमेरिकन क्लिनिकचं बिलिंग करणाऱ्या कुणालाही चालेल, आणि तिकडे क्लिनिकमध्येच काम करणाऱ्या आपल्या लोकांनाही चालेल.

आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते. अमेरिकेत कुठल्या मुलाला कुठली लस कधी दिली याची सरकारी नोंद प्रत्येक राज्य आपापली ठेवतं, देशाची मिळून एक अशी रजिस्ट्री नाही. कॅलिफोर्नियाची केअर-टू, टेक्सासची इमट्रॅक-टू, फ्लोरिडाची फ्लोरिडा शॉट्स, मिशिगनची एमसीआयआर, न्यू जर्सीची एनजेआयआयएस. न्यूयॉर्कमध्ये तर शहराची वेगळी आणि उरलेल्या राज्याची वेगळी. सगळ्यांना मिळून आयआयएस (इम्युनायझेशन इन्फर्मेशन सिस्टीम) म्हणतात आणि सीडीसी, म्हणजे तिकडची केंद्र सरकारची आरोग्य संस्था, त्यांना नियम, कोड आणि पैसे पुरवते. फायदा साधा आहे. आईबापाची नोकरी बदलली, घर बदललं, डॉक्टर बदलला, कार्ड हरवलं, तरी नवीन डॉक्टर रजिस्ट्रीत नाव टाकून बघतो की पोराला आतापर्यंत काय काय दिलंय आणि पुढचं कधी द्यायचंय. आपण चुकीची ओळ पाठवली तर एकतर पोराला तीच लस परत टोचली जाते नाहीतर हवी असलेली राहून जाते. पैशाची चूक पुढच्या महिन्यात ॲडजस्टमेंट टाकून निस्तरता येते, ही तशी निस्तरत नाही.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. बिल सांगतं आपण कोणाकडे किती पैसे मागितले. रजिस्ट्रीला हवं असतं की पोराच्या दंडात किंवा मांडीत काय गेलं. बऱ्याचदा ही दोन उत्तरं सारखी असतात म्हणून तर बिलावरून माहिती पाठवता येते, पण जिथे सारखी नसतात तिथेच आपलं काम सुरू होतं.

पायरी १: बिलावरून पाठवायची खरंच गरज आहे का ते विचारा

हे कोणी विचारतच नाही. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर ईएचआर, म्हणजे पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या डॉक्टरांना सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली आणि त्यात रजिस्ट्रीला लसीची माहिती पाठवणं हाही एक निकष होता, त्यामुळे आज बहुतेक क्लिनिकचं ईएचआर स्वतःच रजिस्ट्रीशी बोलतं. नर्सने लस दिली, नोंद केली, मेसेज गेला. तसं चालू असेल तर बिलिंगमधून त्याच लसी परत पाठवू नका, कृपा करा. दोन्हीकडून गेल्या तर डबल नोंदी होतात, आणि तारखेत एका दिवसाचा जरी फरक पडला तरी रजिस्ट्रीला वाटतं दोन वेगवेगळे डोस दिले.

बिलावरून पाठवायची वेळ कधी येते? क्लिनिकचं ईएचआर जुनं आहे आणि मेसेज बनवू शकत नाही तेव्हा, किंवा ईएचआर बदलताना मधले काही महिने गळले आणि ती गाळलेली जागा भरायची आहे तेव्हा, किंवा इन्शुरन्स कंपनीला तिच्याकडे आलेल्या क्लेमवरून जुन्या लसींची माहिती रजिस्ट्रीला द्यायची असते तेव्हा. इन्शुरन्सवाल्यांना यात रस असायचं कारण हेडिस, म्हणजे इन्शुरन्स योजनांचा दर्जा मोजायची पद्धत, त्यात किती टक्के मुलांच्या लसी वेळेत पूर्ण झाल्या यावर त्यांचा स्कोअर ठरतो. चौथा उपयोग मला सगळ्यात जास्त आवडतो, तो म्हणजे ईएचआरने जे पाठवलं ते बिलाशी ताडून बघायचं. त्यावर शेवटी येते.

पायरी २: कागदपत्रं

क्लिनिक ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या रजिस्ट्रीत क्लिनिकचं नाव नोंदलेलं लागतं आणि करारावर सही क्लिनिकची लागते, आपल्या कंपनीची नाही. आपण फक्त त्यांच्या वतीने पाठवणारे. नोंदणी झाली की क्लिनिकला एक फॅसिलिटी आयडी मिळतो, तो पुढे प्रत्येक मेसेजमध्ये जातो. एका डॉक्टरची तीन लोकेशन असतील तर बऱ्याचदा तीन आयडी असतात, बिलात मात्र सगळीकडे एकच ग्रुप एनपीआय (अख्ख्या ग्रुपचा ओळख क्रमांक) असतो, म्हणून कुठल्या लोकेशनला कुठला आयडी याचा तक्ता आधीच मागून घ्या.

प्रायव्हसीचं म्हणाल तर हिपा कायदा सार्वजनिक आरोग्यासाठी अशी माहिती द्यायला परवानगी देतो, त्यासाठी पेशंटची वेगळी सही लागत नाही. पण राज्याचे कायदे त्याच्या वर आहेत. टेक्सासमध्ये घरच्यांनी संमती दिली असेल तरच नोंद राहते, बऱ्याच राज्यांत उलटं आहे, नोंद होतेच आणि नको असेल तर कळवायचं. आणि परवानगी लसीपुरती आहे, अख्ख्या बिलाची नाही. पोराला त्याच व्हिजिटमध्ये दुसरं काय निदान झालं, डॉक्टरने किती चार्ज लावला, यातलं काहीही फाइलमध्ये नको. काही राज्यांच्या मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) त्यांच्या पेशंटचा डेटा देशाबाहेरून उघडलेला चालत नाही, तेव्हा भारतातून काम करणाऱ्यांनी क्लिनिकसोबतच्या करारात ते कलम आहे का ते टीम लीडला विचारा. आणि एरर समजत नाही म्हणून स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

पायरी ३: बिलातून नेमकं काय उचलायचं

तुम्ही ८३७ फाइल बघितली असेल, क्लेमची फाइल, क्लिअरिंगहाऊसला, म्हणजे क्लेम इन्शुरन्सपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला जाते ती. त्यात लसीची ओळ साधारण अशी असते (खऱ्या फाइलमध्ये रोमन अक्षरं असतात, इथे देवनागरीत लिहिते):

एसव्ही१*एचसी:९०७०७*९५*यूएन*१

९०७०७ हा एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा) सीपीटी, म्हणजे बिलातला कोड, ९५ हा मी आपला मनाने टाकलेला चार्ज, १ युनिट. त्याच्या खाली डीटीपी*४७२ ची ओळ असते, ती सर्व्हिसची तारीख. काही पेअरला, म्हणजे पैसे देणाऱ्या इन्शुरन्सला, एनडीसी (औषधाच्या पॅकचा कोड) लागतो तेव्हा एलआयएनची ओळ येते आणि त्यात एन४ च्या पुढे ११ आकडी एनडीसी असतो. ही एनडीसीची ओळ मिळाली तर तिला सोन्यासारखी जपा, का ते पुढे सांगते.

उचलायचं ते असं: पेशंटचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सर्व्हिसची तारीख, लसीचा सीपीटी, एनडीसी असेल तर तो, लोकेशन, रेंडरिंग प्रोव्हायडर (सेवा देणारा डॉक्टर), आणि इन्शुरन्सचा प्रकार. तारीख म्हणजे फक्त सर्व्हिसची तारीख हां, चार्ज एंट्रीची नाही, क्लेम सबमिट केल्याची तर अजिबात नाही. आमच्या इथे एकदा रिपोर्टमध्ये पोस्टिंग डेटचा कॉलम निवडला गेला आणि ईएचआरने आधीच खरी तारीख पाठवलेली होती, त्यामुळे रजिस्ट्रीत एकाच पोराला सोमवारी एक आणि बुधवारी एक अशा दोन एमएमआर दिसायला लागल्या. एमएमआरच्या दोन डोसमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे दुसरा डोस रजिस्ट्रीने बाद ठरवला आणि क्लिनिकच्या नर्सला वाटलं आपण घोटाळा केला. बिचारीने अर्धा दिवस जुने चार्ट काढले.

काय उचलायचं नाही तेही बघा. ९०४६०, ९०४६१, ९०४७१, ९०४७२, ९०४७३, ९०४७४ हे लस देण्याच्या कामाचे कोड आहेत, लसीचे नाहीत. मेडिकेअरचे (मुख्यतः वृद्धांचा सरकारी इन्शुरन्स) जी०००८, जी०००९, जी००१० पण तसेच. झेड२३ हा निदानाचा कोड, लसीकरणासाठी आला होता एवढंच सांगतो, कुठली लस ते नाही. नवीन मुलं हे सगळं मॅपिंगमध्ये, म्हणजे बिलाचे कोड रजिस्ट्रीच्या कोडशी जोडायच्या तक्त्यात, घालतात आणि मग विचारतात याला सीव्हीएक्स (रजिस्ट्रीचा लसीचा कोड) सापडत नाही. नाहीच सापडणार.

डिनाय झालेले क्लेम गाळायचे का? नाही! हा प्रश्न मला प्रत्येक बॅच विचारते. इन्शुरन्सने पैसे दिले नाहीत म्हणून लस पोराच्या अंगातून परत येत नाही. फाइल पेमेंटवर नाही, चार्जवर काढायची. क्लेम व्हॉइड केला असेल, म्हणजे फ्रीक्वेन्सी कोड ८, तर मात्र थांबा आणि क्लिनिकला विचारा. चुकीच्या पेशंटवर चार्ज पडला म्हणून व्हॉइड केला असेल तर रजिस्ट्रीतूनही ती नोंद काढावी लागेल, आणि नुसतं इन्शुरन्स चुकलं म्हणून व्हॉइड करून दुसरीकडे नवा क्लेम टाकला असेल तर लस खरीच आहे, तिला हात लावायचा नाही.

पायरी ४: शून्य रुपयांच्या, म्हणजे शून्य डॉलरच्या ओळी

याला वेगळी पायरी दिली कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथलीच आहे.

अमेरिकेत व्हीएफसी नावाचा कार्यक्रम आहे, व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन. १९८९ ते १९९१ मध्ये तिकडे गोवराची मोठी साथ आली, आजारी पडलेल्या कित्येक मुलांना लस मिळालेलीच नव्हती, त्यानंतर १९९३ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून कार्यक्रम सुरू झाला. १९ वर्षांच्या आतली मुलं, जी मेडिकेडवर आहेत, ज्यांना इन्शुरन्सच नाही, ज्यांच्या इन्शुरन्समध्ये लस बसत नाही, किंवा जी अमेरिकन इंडियन वा अलास्का नेटिव्ह आहेत, त्यांना सरकार लस फुकट पुरवतं. लस फुकट म्हणजे क्लिनिकने लसीचे पैसे मागायचे नाहीत, फक्त टोचायची फी मागायची. मग बिलात ती लसीची ओळ कशी येते? कुठे शून्य डॉलर, कुठे एक सेंट, काही मेडिकेडला एसएल मॉडिफायर लागतो म्हणजे लस सरकारी साठ्यातली.

आता आमचा पराक्रम. रिपोर्टमध्ये एक जुना फिल्टर होता, चार्ज शून्यापेक्षा जास्त असलेल्याच ओळी दाखव. बिलिंगसाठी तो बरोबरच आहे, शून्याची ओळ घेऊन कोण काय करणार. तोच रिपोर्ट कोणीतरी रजिस्ट्रीच्या फाइलसाठी वापरला. प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांच्या सगळ्या लसी पोचल्या, मेडिकेडवाल्या मुलांच्या एकही नाही. फाइल दर आठवड्याला जायची, एरर शून्य, सगळे खूश. चार महिन्यांनी क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवरून फोन आला की एक आई शाळेच्या फॉर्मसाठी उभी आहे, तिच्याकडे डॉक्टरांचा कागद आहे पण रजिस्ट्रीत पोरगं कोरं दिसतंय, आणि आज सकाळपासूनची ही तिसरी आई आहे. मी त्या तिघांचे अकाउंट उघडले. तिघंही मेडिकेड. तेव्हा लख्खकन कळलं.

तर रिपोर्ट काढायच्या आधी फिल्टर बघा. शून्य चार्ज, सेल्फ पे, राइट-ऑफ, क्लेम न बनलेले चार्ज, सगळं हवं.

पायरी ५: मॅपिंग

बिल सीपीटी बोलतं, रजिस्ट्री सीव्हीएक्स बोलते. सीडीसी दोघांचा तक्ता प्रसिद्ध करते आणि तो बदलत राहतो, तेव्हा तुमच्या डेस्कटॉपवर कोणीतरी दोन वर्षांपूर्वी ठेवलेली एक्सेल वापरू नका. नेहमीच्या काही जोड्या तोंडपाठ होतातच: एमएमआर ९०७०७ ला ०३, कांजिण्यांची लस ९०७१६ ला २१, डीटॅप (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) ९०७०० ला २०, एमएमआर आणि कांजिण्या एकत्र ९०७१० ला ९४, टीडॅप ९०७१५ ला ११५, एचपीव्ही ९०६५१ ला १६५. एकत्र लसीला एकच कोड जातो, डीटॅप-हेपॅटायटिस बी-पोलिओची एकत्र लस ९०७२३ असेल तर ११० पाठवायचा, तिचे तीन तुकडे करून तीन ओळी पाठवायच्या नाहीत.

अडतं कुठे? एकतर फ्लू. २०२४-२५ च्या सीझनपासून अमेरिकेतल्या सगळ्या फ्लूच्या लसी चारऐवजी तीन स्ट्रेनच्या झाल्या. बिलिंगच्या टेम्प्लेटमध्ये जुना ९०६८६ तसाच राहिला असेल तर तो १५० ला मॅप होतो, म्हणजे चार स्ट्रेनवाली, जी बाजारात नाहीच. खरी असते ९०६५६ आणि १४०. दर ऑगस्टमध्ये क्लिनिकला यंदा कुठली फ्लूची लस घेतली ते विचारायची सवय लावा.

दुसरं म्हणजे कंपनी. ९०७०७ वरून लस कुठली ते कळतं पण कोणाची ते कळत नाही, कारण मर्कची एमएमआर-टू आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली जीएसकेची प्रायोरिक्स, दोघींना तोच सीपीटी आणि तोच सीव्हीएक्स. इथे तो एनडीसी कामाला येतो, त्याच्या पहिल्या पाच आकड्यांतच कंपनी असते. रजिस्ट्रीत कंपनीचा कोड एमव्हीएक्सने जातो, मर्कला एमएसडी, जीएसकेला एसकेबी, सनोफी पाश्चरला पीएमसी.

आणि एक्सेलचा त्रास. एमएमआर-टूचा ११ आकडी एनडीसी ००००६४६८१०० असा आहे. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं आणि उरतं ६४६८१००. तसंच ०३ चं ३ होतं, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिप ०८८२० चा ८८२० होतो. एडिसन म्हटलं की आपल्याच लोकांची नावं, पाटील, जोशी, कुलकर्णी, एकाच नावाची पाच पोरं, तिथे झिपच गेला तर जुळवायचं कशावरून? फाइल उघडायची ती इम्पोर्ट करून, आणि ते कॉलम टेक्स्ट म्हणून सांगायचे.

पायरी ६: बिलात सहसा नसतं ते कुठून आणायचं

लॉट नंबर. ८३७ मध्ये लसीच्या बॅच नंबरसाठी आरईएफ*बीटी अशी ओळ आहे खरी, पण ती नेहमी सक्तीची नसते, तिच्यावर विसंबू नका, आणि रजिस्ट्रीला क्लिनिकने स्वतः दिलेल्या डोससाठी तो हवा असतो. तो मिळतो नर्सच्या रजिस्टरमध्ये, फ्रीजच्या लॉगमध्ये, नाहीतर ईएचआरच्या लसीकरणाच्या टॅबवर. क्लिनिककडून आठवड्याला एक यादी घ्या. यादी आली नाही म्हणून मागच्या आठवड्याचा लॉट पुढे ओढायचा नाही. लॉट मागतात ते हौस म्हणून नाही, एखाद्या लॉटमध्ये खोट निघाली तर कुठल्या मुलांना दिला ते त्यावरूनच शोधतात.

मग लॉट नसलाच तर काय? मेसेजमध्ये एक फील्ड असतं, आरएक्सए-९. तिथे ०० म्हणजे आमच्याकडे आत्ता दिलेला डोस, आणि ०१ ते ०८ म्हणजे ऐतिहासिक, दुसरीकडून कळलेला: ०१ स्रोत सांगितलेला नाही, ०२ दुसऱ्या डॉक्टरकडून, ०३ पालकांच्या लेखी नोंदीवरून, ०७ शाळेच्या नोंदीवरून, वगैरे. इन्शुरन्स कंपनी क्लेमवरून पाठवते तेव्हा तिने काही स्वतः टोचलेलं नसतं, म्हणून तिच्या नोंदी ऐतिहासिक जातात आणि लॉट लागत नाही. पण क्लिनिकने स्वतः दिलेल्या लसी केवळ लॉटची कटकट नको म्हणून ०१ टाकून ढकलणं, हा शॉर्टकट मी बघितलाय आणि तो पकडला जातो. बऱ्याच राज्यांत रजिस्ट्री सरकारी साठ्यातल्या लसींचा हिशोबही ठेवते, ०० आलं की स्टॉकमधून एक कमी होतो. तुम्ही ०१ पाठवलंत तर स्टॉक तसाच राहतो, आणि पुढची ऑर्डर देताना क्लिनिक अडकतं की इतके डोस कागदावर आहेत, फ्रीजमध्ये नाहीत, गेले कुठे.

व्हीएफसीची पात्रता पण प्रत्येक डोससोबत लागते. व्ही०१ पात्र नाही, व्ही०२ मेडिकेड, व्ही०३ इन्शुरन्स नाही, व्ही०४ अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह, व्ही०५ इन्शुरन्स आहे पण लस बसत नाही. बिलावरून अंदाज बांधता येतो पण फसायला होतं. प्रायमरी प्रायव्हेट आणि सेकंडरी मेडिकेड असलेलं पोरगं पात्र असतं, आपण फक्त प्रायमरी बघून व्ही०१ टाकतो. आणि व्ही०४ तर बिलावरून कधीच कळत नाही. हे क्लिनिकने व्हिजिटच्या वेळी विचारलेलं असतं, त्यांच्याकडूनच घ्या.

मग आईचं माहेरचं आडनाव. बिलात गॅरंटर, म्हणजे पैशाची जबाबदारी घेणारा असतो, बहुतेक वेळा बाप. रजिस्ट्री पेशंट जुळवायला आईचं माहेरचं आडनाव वापरते, पीआयडी-६ मध्ये, आणि नवजात बाळांसाठी तर ते फारच लागतं. हॉस्पिटलमध्ये हेपॅटायटिस बीचा पहिला डोस दिला तेव्हा बाळाचं नावच ठेवलेलं नसतं, नोंद जाते बेबी बॉय म्हणून, दोन महिन्यांनी क्लिनिकमधून नोंद येते आरव म्हणून. जुळी असतील तर जन्मतारीख, पत्ता, आई सगळं तेच, म्हणून जुळं आहे आणि कितवं आहे ही दोन फील्ड रिकामी सोडू नका, नाहीतर दोन भावांचं मिळून एक पोरगं होतं आणि त्याला सगळ्या लसी डबल मिळालेल्या दिसतात.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या कुटुंबांचं अजून एक. पोराच्या भारतातल्या लसी, बीसीजी, तोंडावाटेचा पोलिओ, या कुठल्याच अमेरिकन बिलात येणार नाहीत, त्या कार्डावरून ऐतिहासिक म्हणून टाकाव्या लागतात, बीसीजीचा सीव्हीएक्स १९. कार्डावर ०५/०६ लिहिलेलं असतं ते ५ जून, तिकडच्या नर्सला दिसतं ६ मे. जन्म २० मेचा असेल तर लस जन्माआधीच दिली असं होतं आणि मेसेज परत येतो, हे नशीब म्हणायचं, कारण निदान चूक दिसते तरी. तारखा सरळ वाटतात तेव्हा कोणाच्याच लक्षात येत नाही. तुम्ही मराठीत लिहिलेलं कार्ड वाचू शकता, तिकडे कोणी वाचू शकत नाही, तेव्हा इथे आपला खरा उपयोग आहे.

पायरी ७: मेसेज आणि टेस्टिंग

काही रजिस्ट्री साधी फाइल अजून घेतात, पण आता मुख्य रस्ता एचएल७ २.५.१, म्हणजे आरोग्याची माहिती मेसेजने पाठवायचा ठरलेला साचा. सीडीसीच्या गाइडची २०१४ ची आवृत्ती १.५ आणि त्याची २०१५ ची पुरवणी, एवढं समोर ठेवा आणि सोबत राज्याचं स्वतःचं गाइड, कारण प्रत्येक राज्य त्यात आपली दोन वाक्यं घालतंच. लस पाठवायच्या मेसेजला व्हीएक्सयू म्हणतात. लसीची ओळ अशी:

आरएक्सए|०|१|२०२४०८१२||०३^एमएमआर^सीव्हीएक्स|०.५|

म्हणजे १२ ऑगस्ट २०२४ ला एमएमआर, अर्धा एमएल. दोन उभ्या रेघा लागोपाठ दिसतात तिथे चौथं फील्ड रिकामं आहे, रेघा मोजायची सवय करा, एक रेघ कमी पडली की लसीचा कोड तारखेच्या जागी जाऊन बसतो. नोंद नवी असेल तर आरएक्सए-२१ मध्ये ए, सुधारायची असेल तर यू, काढायची असेल तर डी. व्हॉइडवाली गोष्ट आठवते ना, ती इथे डी होते.

रजिस्ट्री आधी टेस्टचा रस्ता देते. तिथे खोटी पोरं बनवून पाठवा, खऱ्या पेशंटची नावं टेस्टमध्ये नकोत. नेहमीचा सरळ केस सगळेच तपासतात, तुम्ही जुळी, शून्य चार्ज, एकत्र लस, डिलीट, आणि आडनावात अपॉस्ट्रॉफी असलेला एखादा डिसूझा तपासा.

पायरी ८: उत्तर वाचा

पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही. उत्तर येतं त्याला ॲक म्हणतात. एए म्हणजे ठीक, एई म्हणजे काहीतरी चुकलं, एआर म्हणजे मेसेजच नाकारला. मधला एई फसवा आहे, त्यात कधी नुसती किरकोळ वॉर्निंग असते आणि नोंद झालेली असते, कधी पेशंटची नोंद होते आणि लस तेवढी गळते. म्हणून खालची ईआरआरची ओळ वाचायची, तिथे ई म्हणजे खरी चूक, डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, आय म्हणजे नुसती माहिती. आपल्याला ८३५ (इन्शुरन्सकडून येणारी पेमेंटची फाइल) आणि डिनायल कोड वाचायची सवय आहेच, हे त्याचंच धाकटं भावंड समजा. रोजच्या रोज वाचा, साठवलं की महिनाअखेरीला आठशे एरर समोर येतात आणि मग सगळे एकदम क्लोज करायचा मोह होतो.

पायरी ९: महिन्याची ताळजुळणी

हे मी शेवटी सांगते म्हणाले होते. टोचायच्या कामाचे कोड रजिस्ट्रीला पाठवायचे नाहीत, पण लस गळली का ते पकडायला त्यांच्यासारखं काही नाही. ९०४६० हा प्रत्येक लसीला एकदा लागतो आणि ९०४६१ हा त्या लसीतल्या पुढच्या प्रत्येक घटकाला. चार वर्षांच्या पोराची व्हिजिट घ्या, डीटॅप-पोलिओची एकत्र लस ९०६९६ आणि एमएमआर-कांजिण्या ९०७१०. दोन लसी म्हणून ९०४६० ची २ युनिट. दोन्हीत चार-चार घटक, पहिला सोडून तीन-तीन, म्हणून ९०४६१ ची ६ युनिट. आता बिलात ९०४६० ची ३ युनिट दिसली आणि लसीच्या ओळी दोनच, तर तिसरी लस कुठेतरी पडली आहे, बहुधा शून्य चार्जवाली. (काही राज्यांचं मेडिकेड टोचायची फी लसीच्याच कोडवर मागायला सांगतं, तिथे हा हिशोब चालत नाही.) आम्ही त्या फिल्टरच्या प्रकरणानंतर ही तपासणी लावली, आणि ती आधी असती तर पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं.

दुसरी तपासणी सोपी, महिन्यात प्रत्येक सीव्हीएक्सचे किती डोस बिलात आणि किती रजिस्ट्रीत, आणि ते इन्शुरन्सच्या प्रकारानुसार वेगवेगळे मोजायचे. एकत्र मोजलं तर मेडिकेडचा खड्डा टोटलमध्ये लपतो.

आणि हे सगळं जुलैच्या आत आटपा. ऑगस्टमध्ये तिकडच्या शाळा सुरू व्हायला लागतात, आयांना लसीकरणाचे फॉर्म हवे असतात, त्याच महिन्यात फ्लूची नवी लस येते आणि आपल्याकडे निम्मी टीम गणपतीच्या सुट्टीचे अर्ज टाकून बसलेली असते.